पुरात बुडालेल्या मॅसीचा पुढचा एक्सल : जाम झालेलं स्टिअरिंग सोडवण्याच्या नोंदी

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन 1035, गाव शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठाला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात तो पूर्ण बुडाला होता. जुलै 2021 ला पाणी पुन्हा पुढच्या चाकांच्या वर आलं. दोन्ही वेळा इंजिन उघडलं, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, स्टार्टर धुऊन वाळवला. पुढच्या एक्सलला मात्र नुसतं ग्रीस मारलं गेलं. नदीकाठच्या गावांत बहुतेक ट्रॅक्टरांचं असंच झालंय आणि आता त्या सगळ्यांचे एक्सल एकामागून एक जाम निघताहेत. म्हणून कुठे काय अडकलं आणि ते कशाने सुटलं, हे सविस्तर लिहितोय.

8 एप्रिल 2022

उसाची शेवटची खेप झाली, ट्रॉली सोडली, ट्रॅक्टर शेडमध्ये घेतला. तक्रार अशी की रस्त्याला जरा वेग घेतला की पुढची चाकं थरथरतात, डावीकडे वळवताना स्टिअरिंग जड लागतं आणि डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झालीय.

पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो. एका बाजूला जॅक लावला की ट्रॅक्टरचं नाक दुसरीकडे कलतं. म्हणून आधी एक्सल आणि वरचा सपोर्ट यांच्या फटीत दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकल्या, मागच्या चाकांना ओंडके लावले आणि मग एक्सलच्या मध्यावर जॅक घेतला. उचलल्यावर खाली बाभळीचे ठोकळे रचले. नुसत्या जॅकवर ठेवून याच्याखाली हात घालू नका. पुढे घणाचे घाव बसणार आहेत.

चाक वर-खाली धरून हलवलं तर खेळ होता. पण तो चाकाच्या बेअरिंगचा की स्पिंडलच्या बुशचा, हे नुसतं हलवून कळत नाही. स्पिंडल म्हणजे एक्सलच्या टोकात उभा बसलेला, चाकाला वळवणारा दांडा आणि बुश म्हणजे तो ज्यात फिरतो ती धातूची नळी. धाकट्या भावाला एक्सलचं खालचं टोक आणि स्पिंडल यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवायला लावलं. चाक हललं की फट उघडझाप करते, हे बोटाला लगेच कळतं. डावीकडचा खेळ बुशचाच निघाला. टायरखाली पहार घालून उचललं तर चाक वर-खालीही खेळत होतं, म्हणजे थ्रस्ट बेअरिंगही (स्पिंडलवर येणारा ट्रॅक्टरचा भार पेलणारं) गेलेलं.

आणखी एक तपासणी केली, तिचा पुढे फार उपयोग झाला. स्पिंडलचं वरचं तोंड आणि त्यावर बसलेला स्टिअरिंगचा आर्म, या दोन्हींवरून खडूची एक सरळ रेघ ओढली. भावाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं. उजवीकडची रेघ अखंड राहिली. डावीकडची तुटली, आर्म आधी हलत होता आणि स्पिंडल मागाहून, दोन मिलिमीटरचा फरक. मेस्त्रींनी पाहिलं आणि म्हणाले, "बोल्ट ढिला असंल." तेव्हा ते सगळ्यांनाच पटलं.

9 एप्रिल

आमच्या या ट्रॅक्टरला दोन्ही चाकांसाठी वेगवेगळा ड्रॅग लिंक आहे, म्हणजे स्टिअरिंगपासून आर्मपर्यंत येणारा दांडा. दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणारा आडवा टाय रॉड नाही. दोन्ही लिंकचे पुढचे बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारे सांधे) आर्ममधून काढायचे होते.

स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून त्यातून घालतात ती दुहेरी तार) गंजून नटाच्या खाचेत एकजीव झाली होती. ती ओढत बसलो नाही. दोन्ही बाजूंनी कापली आणि नट पान्याने जोर लावून फिरवला. उरलेला तुकडा आतल्या आत तुटतो. नट पूर्ण काढायचा नाही, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवायचा. जॉइंट सुटतो तेव्हा एकदम उडतो आणि तोंडावर येऊ शकतो.

आधी लिंक आणि आर्म यांच्यात दुहेरी टोकाचा फाळ ठोकून पाहिला. रबरी टोपी फाटली, फाळ पूर्ण आत गेला, जॉइंट मात्र जागचा हलला नाही. पहारीने लिंक खाली दाबला तर लिंकच स्प्रिंगसारखा वाकून परत येत होता. बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते आणि निमुळत्या भोकात घट्ट दाबून बसवलेली असते. ती ओढून सोडवायला प्रचंड जोर लागतो, पण भोकाला क्षणभर आकार बदलायला लावलं की पकड जाते.

मग मेस्त्रींनी त्यांची पद्धत दाखवली. आर्मच्या भोकाभोवतीच्या गोल भागाला एका बाजूने पाच किलोचा घण टेकवून धरला आणि नेमक्या समोरच्या बाजूला दोन पौंडी हातोडीने सणसणीत घाव घातले. आडवे घाव, दांडीच्या टोकावर एकही नाही. तिसऱ्या-चौथ्या घावाला डावीकडचा जॉइंट आपोआप खाली लोंबला. टोकावर मारलं तर आटे बसतात, दांडी फुगते आणि मग ती कधीच निघत नाही.

उजवीकडचा एवढ्यावर सुटेना. तिथे छोटा पुलर (स्क्रू आवळून भाग ओढून काढायचं अवजार) लावून ताण दिला आणि ताण असतानाच बाजूने घाव घातले. बंदुकीसारखा आवाज होऊन सुटला. नुसता पुलर पुरला नसता, नुसते घावही पुरले नसते.

10 एप्रिल

रामनवमी, दुकानं दुपारपर्यंत बंद. हातात होतं त्यावर आर्मचे बोल्ट घेतले.

आर्मच्या डोक्याला एक चीर असते आणि ती आवळणारा आडवा बोल्ट असतो. हा बोल्ट स्पिंडलला कापलेल्या खाचेतून जातो. म्हणजे तो नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर यावा लागतो. आर्म वर खेचण्याआधी ही खाच आहे की नाही ते आपापल्या ट्रॅक्टरला पाहून घ्या. बोल्ट आत ठेवून खेचणारे लोक आर्मला तडा आणतात.

उजवीकडच्या बोल्टचं डोकं आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेलं. पाना, पाईप पाना, छन्नी, काहीच धरेना. शेवटी डोक्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंगने भरून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेनेच बोल्टाभोवतीचा गंज सैल होतो. लालसर असतानाच फिरवून पाहिला आणि करकरत निघाला. बॅटरीची वायर काढली होती आणि वेल्डिंगची अर्थ त्याच बोल्टाशेजारी लावली होती. अर्थ लांब चासीला लावली तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर ठिपके पडतात. हे वेल्डिंग फक्त टाकून द्यायच्या बोल्टावर. आर्मला वेल्डिंगचा टिपूसही लागू द्यायचा नाही.

डावीकडे नट सहज निघाला, पण बोल्ट पुढे जाईना. मागून पंच ठोकला तर त्याचं टोक फुलायला लागलं, थांबलो. भावाने आर्म हाताने थोडा इकडे-तिकडे हलवला. एका जागी बोल्ट मोकळा लागत होता, तिथून सरकला की परत आवळायचा. मोकळ्या जागी धरून हलके घाव घातले आणि बोल्ट बाहेर आला. त्याच्या मधोमध अर्धचंद्रासारखी खोल झीज होती, नखाने चाचपता येईल अशी पायरी. स्पिंडल त्याच्यावर किती तरी महिने आपटत असणार.

12 एप्रिल

पूर्ण दिवस डाव्या आर्मवर गेला आणि आर्म जरासुद्धा वर आला नाही. काय काय केलं ते लिहितो.

डिझेल आणि ब्रेक ऑइल मिसळून चिरेत सोडलं, तासभर थांबलो. आर्मखाली पहार घालून उचकटलं. चिरेत छन्नी घालून डोकं थोडं फाकवलं; ही पद्धत बरोबर आहे, पण छन्नी हलक्या हाताने बसवायची. आर्म घडीव पोलादाचा असला तरी चीर जास्त फाकवली तर मुळाशी तडा जातो. मग तीन पायांचा पुलर लावला. आर्म एकाच बाजूला लांब असल्याने पुलरचे पाय कलंडून निसटत राहिले. संध्याकाळी गॅसवाल्याला बोलावून डोकं तापवलं आणि मेणबत्ती टेकवून मेण आत ओढू दिलं. धूर निघाला, मेण आत गेलं, आर्म तसाच.

गॅसवाल्याने तीनशे रुपये घेतले. जाताना म्हणाला, "कापून टाकू काय?" वरचं डस्ट सील वितळून गेलं होतं, ते तसंही बदलायचंच होतं.

13 एप्रिल

सकाळी आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, शेडमध्ये येऊन बसले. त्यांनी आर्म हाताने हलवला आणि विचारलं, "ह्यो गोल फिरतोय की रं. मग गंजलाय कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गंजाने धरलेला भाग कुठल्याच दिशेला हलत नाही. हा आर्म दोन मिलिमीटर फिरत होता, फक्त वर येत नव्हता. म्हणजे त्याला काहीतरी आडवं आलं होतं. पहिल्या दिवशीची तुटलेली खडूची रेघ आणि बोल्टावरची झीज, दोन्ही हेच सांगत होते. आर्म आणि स्पिंडल यांच्यात अर्धगोल चावी बसते, म्हणजे दोन्हींच्या खाचांत बसून त्यांना एकत्र फिरवणारा धातूचा तुकडा. ती चावी अर्धी कापली गेली होती. तिचा वरचा भाग आर्मबरोबर सरकलेला आणि खालचा स्पिंडलच्या खाचेत. दोन्हींच्या कडा एकमेकांत अडकून उभ्या राहिल्या होत्या. तेल, उष्णता, मेण यांचा इथे काही उपयोगच नव्हता.

वरून टॉर्च मारून चावीच्या दोन्ही भागांची टोकं शोधली. चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) अजून लावलेलं होतं, ते भावाने घट्ट धरलं. आर्मवर पाईप घालून तो हळूहळू उलट दिशेला फिरवला आणि दोन्ही टोकं एका रेषेत आल्यावर तिथेच धरून ठेवलं. खालून दोन्ही बाजूंनी सारख्या पहारी लावल्या. आर्म वर आला. जोर फारसा लागलाच नाही.

काढल्यावर पाहिलं. चावीला मध्यावर चकचकीत पायरी पडलेली, बोटाने दाबली तर वरचा तुकडा गळून पडला. स्पिंडलची खाच रुंद होऊन कड बाहेर आलेली, आर्मच्या खाचेची कड शाबूत. दहा टन ऊस घेऊन पुलावरून जाताना डाव्या चाकाचं स्टिअरिंग या अर्ध्या चावीवर आणि त्या झिजलेल्या बोल्टावर उभं होतं. खडूची रेघ मारायला एक मिनिट लागतं. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने ती मारून पाहावी, एवढं मनापासून सांगतो.

15 एप्रिल

काल आंबेडकर जयंती, बाजार बंद होता. आज उजवा आर्म.

हा खरा गंज. रेघ अखंड, कुठल्याच दिशेला तसूभर हालचाल नाही. पुलरचे पाय निसटतात हे कळलेलं, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून 12 मिलिमीटर जाडीच्या पट्टीला घोड्याच्या नालासारखा काप घेऊन आणला. ही पट्टी आर्मच्या डोक्याखाली बसवली. वर दुसरी पट्टी घेऊन दोन लांब बोल्टांनी जोडली, मध्ये ढकलणारा स्क्रू. स्क्रू आणि स्पिंडलचं तोंड यांच्यामध्ये जुन्या बेअरिंगची एक गोळी ठेवली. त्याने जोर नेमका मध्यावर राहतो. सगळं मिळून साडेतीनशे रुपये.

स्क्रू आवळून ताण दिला. त्यानंतर गॅसने फक्त आर्मचं डोकं तापवलं, गोल गोल फिरवत, स्पिंडलवर ज्वाला न नेता. आर्म फुगायला हवा आणि स्पिंडल थंड राहायला हवा, या फरकावरच सगळं अवलंबून आहे. लाल होऊ दिलं नाही; थेंबभर पाणी टाकलं तर चुर्र करून लगेच उडेल इतपत. मग बाजूने एक घाव. "टण्ण" असा आवाज आला आणि स्क्रू एकदम सैल झाला. आर्म मिलिमीटरभर सरकला होता. पुन्हा आवळला, पुन्हा घाव, असं करत वर आला. तापलेल्या आर्मवर पाणी ओतून थंड करायचा मोह होतो, तो टाळा. स्टिअरिंगचा भाग कुठे लाल होण्याइतका तापला असेल आणि त्याला पाणी पाजलं तर तो ठिसूळ होतो आणि तसं झालंय हे वरून दिसत नाही.

17 एप्रिल

काल चैत्र पौर्णिमा. कोरोनात बंद पडलेली जोतिबाची यात्रा या वर्षी भरली, निम्मं गाव डोंगरावर होतं. मेस्त्रीही गेलेले.

आज चाकं आणि हब उतरवून स्पिंडल खाली काढायला घेतले. उजवा स्पिंडल तांब्याच्या ठोकळ्यावर चार घाव घातल्यावर खाली उतरला. डावा जाम. ग्रीसचं निपल काढलं तर आत वाळलेला गाळ, विटेसारखा कडक. तारेने भोक मोकळं केलं, नवीन निपल लावलं आणि ग्रीसगनमध्ये ग्रीसऐवजी डिझेल-ऑइलचं दाट मिश्रण भरून दाबलं. वरून सोडलेलं तेल कधीच मध्यापर्यंत पोचत नाही, हे थेट मध्यात जातं. मिश्रण वरच्या बाजूने पाझरलं, खालून एक थेंब आला नाही. म्हणजे वरचं बुश मोकळं, धरलंय ते खालच्या बुशने. नेमकं ठिकाण कळलं.

तरीही घावांना दाद देईना. स्पिंडलचं वरचं टोक फुलायच्या आत थांबलो. या एक्सलची दोन्ही टोकं मधल्या बीमला बोल्टांनी जोडलेली असतात, चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता यावं म्हणून. कुठल्या भोकात बोल्ट होते तिथे रंगाची खूण केली, रेडियस रॉड (एक्सलला मागे-पुढे सरकू न देणारा दांडा) सोडला आणि डावं टोक स्पिंडलसकट बाहेर काढलं. हे करायला तासभर लागतो. लोक तो वाचवायला जातात आणि ट्रॅक्टरखाली आडवं पडून दिवसभर घण मारतात.

18 एप्रिल

जयसिंगपूरला प्रेसवर (दाब देऊन भाग काढायच्या-बसवायच्या यंत्रावर) नेलं. दाबाचा काटा चढत गेला, काहीच होईना, मग मोठा आवाज होऊन स्पिंडल खाली गेला. खालच्या बुशमध्ये पुराचा गाळ आणि जुनं ग्रीस मिळून राखाडी लेप झाला होता, चाकूने खरवडावा लागला. लेपाखाली स्पिंडलला खड्डे पडलेले. प्रेसचे दोनशे रुपये.

स्पिंडल मोजला. डावा खालच्या बुशच्या जागी, न झिजलेल्या भागापेक्षा 0.8 मिलिमीटरने बारीक. लेथवाला म्हणाला, "भरून टर्न करून देतो, नव्यासारखा होईल, आठशेत." इथे माझं मत ठाम आहे. वेल्डिंगने भरलेल्या जागेशेजारचं पोलाद कडक होतं आणि स्पिंडल तुटतो तो तिथेच, तोही भरल्या ट्रॉलीपुढे. वर डाव्या स्पिंडलची चावीची खाचही गेलेली. नवीन घेतला. उजवा मोजमापात बसला, तो ठेवला, फक्त कडा कानशीने साफ केल्या.

20 एप्रिल

जुनी बुशं ठोकून काढली नाहीत. हॅक्सॉ ब्लेड आतून घालून बुशला एक उभी चीर दिली, मग छन्नीने कड आत वळवली की बुश आवळतं आणि हाताने निघतं. ब्लेड एक्सलच्या धातूला लागायच्या आत थांबायचं.

नवीन बुशं प्रेसने बसवली. ग्रीसचं भोक बुशच्या भोकासमोर आलंय का, हे अर्ध्यावर असतानाच तपासायचं. पूर्ण बसल्यावर फिरवता येत नाही आणि मग कितीही ग्रीस मारलं तरी आत जात नाही. बसवल्यावर बुश थोडं आवळतं, म्हणून दोन्ही बुशं एकाच वेळी एका रेषेत रिमरने (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या अवजाराने) घेतली. काठीला पॉलिश पेपर गुंडाळून घासणारे आहेत. त्याने भोक अंडाकृती होतं.

22 एप्रिल

जोडणी. थ्रस्ट बेअरिंगची झाकणाची बाजू वर ठेवली, म्हणजे वरून येणारं पाणी आत जात नाही. दोन्ही चाव्या नवीन, दोन्ही आडवे बोल्ट नवीन आणि कंपनीच्याच ग्रेडचे, साधे बाजारातले नाहीत. बोल्टांना आणि आर्मच्या भोकाला ग्रीसचा पातळ हात दिला. बॉल जॉइंटच्या निमुळत्या दांडीला मात्र ग्रीस लावलं नाही, तिथे कोरडी पकड हवी. एका नवीन जॉइंटचा नट आवळताना दांडीच गोल फिरायला लागली. खालून जॅकने जॉइंट भोकात दाबून धरला, दांडी थांबली आणि नट बसला. नट आवळताना स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे घ्यायचा नाही.

ग्रीस वर आणि खाली दोन्हीकडून बाहेर येईपर्यंत मारलं. मग चाकांचा टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं. हबच्या उंचीवर टायरच्या मध्याला पुढे खडूची खूण करून अंतर घेतलं, चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागे आणल्या आणि पुन्हा मोजलं. त्याच खुणा वापरल्या की रिमचा बाक मोजमापात येत नाही. ड्रॅग लिंक फिरवत पुढचं अंतर मागच्यापेक्षा 4 मिलिमीटरने कमी ठेवलं.

खर्च असा आला. नवीन स्पिंडल 2,900. बुशं, थ्रस्ट बेअरिंग आणि सीलं मिळून 1,650. दोन बॉल जॉइंट 1,100. चाव्या-बोल्ट 220. प्रेस, रिमर, गॅस दोन वेळा आणि पट्ट्या मिळून 1,900. मेस्त्रींची मजुरी 2,500. एकूण 10,270 रुपये. यातला 12 एप्रिलचा गॅस आणि त्या दिवसाची मजुरी टळली असती.

30 एप्रिल

रिकाम्या ट्रॉलीसह शिरोळ आणि परत. थरथर नाही, स्टिअरिंग दोन्हीकडे सारखंच हलकं. घरी आल्यावर आर्मचे बोल्ट पान्याने तपासले. डावा अजून पाव फेरा आवळला, उजवा जागच्या जागी. नवीन भाग बसताना थोडे सैल पडतात, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत हे करायलाच हवं. दोन्हीकडे खडूच्या जागी आता पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ मारलीय आणि दोन्ही अखंड आहेत.